गाईचं सामान्यज्ञान

जालन्याच्या अभ्यासिकांतली पोरं गाईवरच्या विनोदांना हसतात आणि तीच गाय पाठही करतात. गाईला जठरं किती? चार म्हणाल तर गुण गेला. जठर एकच, कप्पे चार. वरच्या जबड्यात तिला पुढचे दातच नसतात. त्यामुळे दाखवायचे वेगळे, खायचे वेगळे ही सोय हत्तीला आणि पुढाऱ्याला.

राष्ट्रीय कामधेनू आयोगाने तर 25 फेब्रुवारी 2021 ला देशभर गो-विज्ञानाची परीक्षाच ठेवली होती. देशी गाईचं दूध पिवळसर दिसतं ते त्यातल्या सोन्यामुळे, असं तिच्या अभ्याससाहित्यात होतं. ‘जालना, सोने का पालना’ म्हणणाऱ्या गावाला हे आधी कळतं, तर सराफ्यात तराजूऐवजी चरव्या दिसल्या असत्या! पिवळेपणा असतो हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा. म्हैस त्याचं ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरं. परीक्षा पुढे ढकलली गेली. चारा तेवढा खरा निघाला.

2023 च्या व्हॅलेंटाइनला गाईला मिठी मारा, असं आवाहन प्राणी कल्याण मंडळाने केलं आणि चार दिवस आधी मागे घेतलं. (कुणीतरी गोठ्यात जाऊन आलं असावं.)

30 सप्टेंबर 2024 ला महाराष्ट्राने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ केलं. आचारसंहिता पंधरा दिवसांवर होती. गोशाळेतल्या देशी गाईला रोज 50 रुपये अनुदानही तेव्हाच ठरलं. परतूरच्या शेतकऱ्याच्या दावणीची माता त्या हिशेबात नाही.