उणे अकरा

हिवाळ्यात डोंगरावर जाऊन रेडिओ का लावायचा, याची माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. पहिलं शास्त्रीय. थंडीत रात्री मोठ्या असतात, त्यामुळे दिवसा चाळीस मीटरच्या लहरी गिळून टाकणारा वातावरणातला ‘डी’ थर जास्त वेळ गायब असतो. विजा-वादळं कमी, म्हणून खरखरही कमी. हे उत्तर मी पाहुण्यांना देतो. दुसरं उत्तर असं, की आल्प्समधले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, गुडघाभर बर्फात बसून मोर्सची किल्ली वाजवताना फोटोत फार रुबाबदार दिसतात, आणि माझ्यातही तसलंच काहीतरी दडलेलं आहे अशी माझी जुनी समजूत आहे.

अडचण महाराष्ट्राच्या हवामानाची. अमेरिकेत जानेवारीच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी हॅमचा ‘विंटर फील्ड डे’ असतो. लोक कुडकुडत बाहेर बसतात. अ‍ॅरिझोनातल्या एका क्लबाच्या हिवाळी स्पर्धेत तर बसाल तिथलं तापमान जितकं कमी, तितक्या मोठ्या आकड्याने गुणांना गुणतात. आपल्याकडे पारा अकरावर आला की वर्तमानपत्रात शेकोटीचा फोटो येतो आणि शाळेची वेळ बदलावी का यावर चर्चा सुरू होते. तेव्हा निदान उंची तरी मिळेल तेवढी घ्यावी, म्हणून कळसूबाई. १६४६ मीटर. याहून वर जायचं तर राज्य सोडावं लागतं.

रेडिओ पाच वॅटचा. पूर्वी देवघरात जो झिरोचा बल्ब असायचा तो नावालाच झिरो. प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट खायचा. म्हणजे मी जगाशी बोलतो ते झिरोच्या बल्बाच्याही निम्म्याहून कमी ताकदीवर. हे मी नम्रपणे सांगतो, पण सांगतो नक्की. शिवाय यूपीएसमधून काढलेली अडीच किलोची बॅटरी, परवान्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, आणि अँटेनाची वीस मीटर वायर. ही वायर मधोमध उंच धरायला खांब लागतो. त्यासाठी जगभरचे हॅम मासे धरायची, एकात एक सरकणारी फायबरची काठी वापरतात. हलकी असते आणि वीज वाहून नेत नाही. हे तांत्रिक कारण बारी गावातून रात्री दोनला निघालेल्या ट्रेकर पोरांना लोखंडी शिडीवर समजावून सांगता येत नाही.

“काका, वर तलाव आहे?”

“नाही.”

“मग गळ कशाला?”

दुसऱ्याने पहिल्याला कोपर मारलं. वयस्कर माणसाला दुखवू नये, असे संस्कार असावेत.

आता माकडटोपीचा प्रश्न. हा प्रश्न पाश्चात्त्य रेडिओ-वाङ्मयात कुठेही हाताळलेला नाही, कारण त्यांच्याकडे माकडटोपी नाही. हेडफोन टोपीच्या आत घालावा की बाहेर? बाहेर घातला, तर कान आणि आवाज यांच्यामध्ये आईने विणलेली दुहेरी लोकर येते. मोर्समधला आखूड ‘डिट’ त्या लोकरीत जिरतो आणि लांब ‘डाह’ तेवढा उरतो, त्यामुळे मला सगळं जग सारखं ‘टी’, ‘एम’ आणि ‘ओ’ एवढीच अक्षरं पाठवतंय असं वाटतं. आत घातला, तर ऐकू उत्तम येतं, पण दोन्ही बाजूंना फुगे येऊन टोपी वर खेचली जाते, हनुवटीचा भाग तोंडावर चढतो, आणि माइकवर बोलायची वेळ आली की माझा आवाज गोधडीतून आल्यासारखा जातो. तिसरा मार्ग, टोपी कपाळापर्यंत गुंडाळून हेडफोन थेट कानांवर. पण मग कान उघडे पडतात, आणि माकडटोपीचा जन्मच मुळी कानांसाठी झालेला आहे. चौथा मार्ग मी काढला: एक कान आत, एक बाहेर. उजव्या कानाने ऐकायचं, डाव्याने ऊब घ्यायची. यात हेडफोनची कमान डोक्यावरून तिरपी जाते. त्या अवस्थेत मी मोबाइलला टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. मागे उजाडणारं आभाळ, समोर रेडिओ. आल्प्सवाल्यांच्या फोटोशेजारी लावता येईल असं मला वाटलं होतं. बायकोने तो पाहिला आणि विचारलं, “अहो, दाढ दुखत होती का?” आईने मात्र फोटो मोठा करून टोपीचीच वीण तपासली. एका ठिकाणी टाका सुटलाय म्हणाली. हेडफोन तिला दिसलाच नाही.

असो. सूर्य यायच्या आधी, मोर्सवर ‘सीक्यू’ दिला. म्हणजे, कोणी आहे का? थोड्या वेळाने बारीकसा, डासाच्या आवाजाचा सिग्नल आला. सैबेरिया. नोव्होसिबिर्स्क. चार हजारांहून जास्त किलोमीटर, मध्ये अख्खा हिमालय, आणि आपले पाच वॅट! त्याने रिपोर्ट दिला ३३९.

इथे थांबून सांगितलं पाहिजे. रिपोर्टमधला पहिला आकडा किती समजतंय याचा, दुसरा सिग्नल किती जोरात आहे याचा, तिसरा सुराच्या शुद्धतेचा. सर्वोत्तम ५९९. स्पर्धांमध्ये सगळेच सगळ्यांना ५९९ देतात आणि लगेच पुढे विचारतात, ‘तुमचं नाव परत सांगा, नीट आलं नाही.’ ३३९ म्हणजे: तुमचं बोलणं फार मुश्किलीने कळतंय, सिग्नल अशक्त आहे, सूर मात्र अगदी शुद्ध. एवढं खरं माझ्याबद्दल घरात कोणी सांगितलेलं नाही.

मग हवामान. तो म्हणाला, उणे अठ्ठावीस. मी पाठवलं, तापमान ११. त्याने विचारलं, उणे अकरा आणि तुम्ही बाहेर डोंगरावर? काळजी घ्या, गरम राहा. आता हे खरं की मी चिन्ह पाठवलं नव्हतं. पण अधिकही पाठवलं नव्हतं, उणेही नव्हतं. अशक्त सिग्नलवर उगाच तपशिलात शिरू नये. शिवाय तो हीटरशेजारी बसला होता आणि मी कातळावर. नैतिकदृष्ट्या मला उणे अकरा लागू होतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “मग काय बोललात?”

“हवामान. तिकडे उणे अठ्ठावीस आहे.”

“ते मोबाइलवर दिसतं की.”

दिसतं. आणि खरं सांगायचं तर कळसूबाईवर माझ्या खिशातल्या मोबाइललाही छान रेंज होती. पण मोबाइल मला ३३९ देत नाही. पलीकडे कोणीतरी डोळे मिटून, श्वास रोखून, खरखरीतून माझं एकेक अक्षर वेचतंय, याचं काही अ‍ॅप नाही. आपलं बोलणं इतक्या कष्टाने ऐकणारा माणूस मिळायला मी अडीच किलोची बॅटरी पाठीवर घेऊन चढतो.

या कष्टाने ऐकण्याचा एरवी काही उपयोग नसतो, हे मी कबूल करतो. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी भूकंपाने हादरली, २६ जानेवारी २००१ ला कच्छ, तेव्हा बाहेर निरोप पोचवणाऱ्यांत असलेच खुळे हॅम होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सहकारी अंदमानात गेले होते ते निव्वळ हौसेसाठी, जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्क मिळावा म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली. हौस तिथल्या तिथे बंद झाली आणि त्याच रेडिओवरून कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाही, हे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. अशा वेळी नाव चुकवून चालत नाही. एक अक्षर चुकलं तर निरोप भलत्याच घरी जातो. आणि अशक्त सिग्नलमधून नाव अचूक उतरवून घ्यायची सवय लागते ती असल्याच रिकामटेकड्या पहाटांना, ज्यांच्यावर घरचे हसतात. त्यांना हसू द्यावं. माझा राग वेगळ्यांवर आहे.

माझा राग आमच्या सोसायटीवर आहे. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, सोलरचे पत्रे आहेत, डिश आहेत, आणि एका मोबाइल कंपनीचा टॉवर आहे, कारण तो भाडं देतो. मी वीस मीटर वायरीसाठी अर्ज केला, सोबत केंद्र सरकारचा परवाना जोडला. सभेत एकमताने ठरलं की रेडिएशनचा धोका आहे. टॉवरच्या सावलीत खुर्च्या मांडून ठरलं. अध्यक्षांनी मला समजावलं, “तुमची हौस आम्हाला मान्य आहे हो, पण लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये.” मुलं त्या वेळी टॉवरच्या खांबाभोवती शिवाशिवी खेळत होती. खिडकीत वायर लावून पाहिली, तर एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्ट यांच्या भुणभुणीत नोव्होसिबिर्स्क सोडा, नागपूर येत नाही.

तेव्हा पाहुण्यांना देतो त्या शास्त्रीय उत्तराच्या आणि आल्प्सच्या फोटोच्या खाली तिसरं उत्तर आहे, आणि खरं तेच आहे: गच्ची मिळाली असती तर मी कळसूबाई लांबूनच नमस्कार करून सोडली असती.

वाचकांपैकी कोणी सोसायटीच्या कमिटीवर असेल, तर एक विनंती. कधीतरी तुमच्याकडे एखादा काका येईल, हातात परवाना आणि कागदावर काढलेली अँटेनाच्या उलट्या ‘व्ही’ची आकृती. तो भाडं देणार नाही, बोलेलही जरा जास्तच. त्याच्या अर्जावर सही करा. आणि ‘रेडिएशन’ असा शेरा मारायचाच असेल, तर त्याआधी निदान किती वॅट, एवढं तरी विचारा.