पोरगं बसतं हो!

मिरजेहून अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, म्हणजे तीस वर्षं उभ्यानं काढली. त्यामुळे बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत पाऊल टाकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पेशाला धरूनच होता. "काय रे, इथं उभं कोण असतं?"

मी आठवून पाहिलं. "सोसायटीचा वॉचमन."

"त्याला खुर्ची आहे. आत्ताच बघून आलो."

अण्णांचं निरीक्षण खोटं नव्हतं. १९७८ साली कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स कंपनीनं कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ही नगरी वसवली. केऑनिक्सचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांचं ते स्वप्न. शेतात बसून काम होत नाही; इथं उभ्यानं होत नाही, एवढाच काय तो फरक पडला. बसणाऱ्यांना बसायच्या जागी लवकर पोहोचता यावं म्हणून २०१० साली सिल्क बोर्डपासून जवळजवळ १० किलोमीटरचा उन्नत मार्ग झाला. ऑगस्ट २०२५मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिकाही आली. तिच्यात गर्दीमुळे उभं राहावं लागतं. माझा दिवसातला व्यायाम तेवढाच.

पण विषय माझा नाही, चिरंजीवांचा आहे. चिरंजीव चौथीत आहेत. पूर्वी आया तक्रार करायच्या, "कार्टं एका जागी बसत नाही मेलं." आमच्या सोसायटीत ही तक्रार नामशेष झालीय. आता लिफ्टमध्ये कानावर पडतं ते कौतुक : "आमचा तीन तास जागचा हलत नाही." त्यावर दुसरी आई म्हणते, "आमचा तर जेवायलाही उठत नाही, ताट तिथंच नेते." अभ्यासाला बैठक लागते, हे आम्हा मराठी लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. अण्णा मात्र गोंधळले. "बैठका आम्हीही मारायचो," ते म्हणाले, "तालमीत. जोर-बैठका. तुमच्याकडचा जोर गेला, बैठक तेवढी राहिली."

तर शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि अहवालात बीएमआयच्या चौकटीत लाल खूण आली. पोराच्या वजनावर विनोद करायचा नाही, असा आमच्या घरात नियम आहे. म्हणून मी तो पोराच्या आईबापावर करतो. आम्ही ताबडतोब बैठक घेतली. बायकोनं आहारतज्ज्ञाची ऑनलाइन वेळ घेतली, म्हणजे पोराला आणखी पाऊण तास पडद्यापुढं बसवलं. मी पावलं मोजणारं घड्याळ आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळानं थरथरून संदेश दिला, "उठायची वेळ झाली." पोरानं तो बसल्या बसल्या पुसून टाकला.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी जुन्या सवयीनं एका कागदावर वे-बिल भरलं. बस, जाऊन-येऊन : १ तास ४० मिनिटं. वर्गातला बाक : ५ तास ४५ मिनिटं. ट्यूशन, तिथं नेणाऱ्या गाडीसकट : दीड तास. गृहपाठ : सव्वा तास. खाणंपिणं : ५० मिनिटं. टॅब : १ तास. एकूण बसणं : १२ तास. खाली रेघ मारून सही केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "तुझी ड्युटी नऊ तासांची, पोराची बाराची. आमच्या डेपोत असं झालं असतं तर युनियननं गाड्या बाहेर काढू दिल्या नसत्या."

स्कूल बसपर्यंत पोराला सोडायला आता अण्णाच जातात. बसमधल्या अक्का प्रत्येक पोराला दारातच सांगतात, "कूतको!" कन्नडमध्ये कूतको म्हणजे बस. बसमध्ये बस, वर्गात गेलं की बस, घरी आलं की अभ्यासाला बस. मराठीत याच शब्दाचा 'पुरे' असाही अर्थ होतो, तो तेवढा कुणी वापरत नाही. त्या गाडीत दिवसभर चढउतार करणारी एकच व्यक्ती, त्या अक्का, आणि त्या काटकुळ्या आहेत, हेही अण्णांनी टिपलं.

यावर मी त्यांना लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांची गोष्ट सांगितली. त्यांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले. गाडी तीच, पण एक दिवसभर बसलेला आणि दुसरा दिवसभर जिना चढणारा. १९५३मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी छापलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे १९५६मध्ये गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेला मोठ्या निघाल्या. बसल्यामुळे कंबर वाढली की रुंद कंबरेची माणसंच बसायच्या कामाला गेली, यावर शास्त्रज्ञ पुढे वाद घालत राहिले. अण्णांनी तो वाद ऐकलाच नाही. त्यांनी मिरजेला आपल्या जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. "अरे, तुझी कंबर इंग्रजांनी मोजून ठेवलीय!"

आमचे डॉक्टर समतोल निघाले. म्हणाले, एकट्या बसण्यावर गुन्हा दाखल करू नका. खाणं, झोप आणि अनुवंश हे सहआरोपी आहेत. पुस्तकापुढं बसण्यापेक्षा पडद्यापुढं बसणं महाग पडतं, कारण तिथं हात आपोआप वेफर्सच्या पुडीत जातो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला सांगते. बायकोनं तिथंच मोबाइलवर पोराचं वेळापत्रक उघडलं. शनिवारी चार ते चार वीस मोकळं होतं.

सरकार गप्प बसलंय असं कुणी म्हणू नये. केंद्राच्या २०२०च्या स्कूल बॅग पॉलिसीप्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. आमच्याकडे हा कोटा मंगळवारी संध्याकाळी संपतो. बुधवारपासून पोरगं ब्लॅकमध्ये गृहपाठ करतं. त्याच धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये असंही आहे. गेल्या वर्षी आमचं दप्तर नियमाबाहेर होतं. यंदा शाळेनं एक वही कमी केली नाही, तरी दप्तर नियमात बसलं. पोराचं वजन वाढलं ना! सीबीएसईनंही २०२५मध्ये, कशात किती साखर असते ते सांगणारे 'शुगर बोर्ड' लावायला शाळांना सांगितलं. मुलं ते बाकावर बसून वाचतात.

सोसायटीचंही मुलांवर बारीक लक्ष आहे. पार्किंगमध्ये चेंडू नको, हिरवळीवर पाय नको, लॉबीत सायकल नको, जिममध्ये सोळाच्या खालचं कुणी नको. उरला क्लबहाऊसमधला कॅरम आणि बुद्धिबळाचा वर्ग. त्याची पावती 'क्रीडा शुल्क' या नावानं येते.

कंपाउंडपलीकडे नवा टॉवर उभा राहतोय. तिथल्या मजुरांची पोरं वाळूच्या ढिगावर दिवसभर पळतात. आमचं पोरगं गॅलरीत बसून ती पळापळ बघतं. २०२४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासात भारतातली ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९०मध्ये सुमारे ४ लाख होती, ती २०२२मध्ये सुमारे सव्वा कोटी झाली. कमी वजनाच्या मुलांचं प्रमाणही त्याच अभ्यासात अजून मोठंच आहे. हे दोन्ही आकडे आमच्याकडे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात. अलीकडच्यांना खेळायला वेळ नाही, पलीकडच्यांना बसायला बाक नाही.

याच सुमारास ऑफिसनं मला उभं राहून काम करायचं टेबल दिलं. बटण दाबलं की वर जातं. त्याची किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "आम्हाला मास्तर फुकट उभं करायचे. तेही बाकावर."

दुसऱ्या दिवसापासून पोराचा अभ्यास अण्णांनी आपल्या हाती घेतला. लिहायचं ते ओट्याशी उभं राहून. पाढे जिन्यात. तळमजला मिरज, पहिला सांगली, दुसरा तासगाव, तिसरा विटा. पोरगं कंडक्टर, अण्णा प्रवासी. तीन फुल, एक हाफ, पन्नासची नोट, सुटे किती? गणितही झालं आणि दमही लागला. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर किल्ली आपटून अण्णांनी त्याला बेलही शिकवली : एक टोला गाडी थांबायचा, दोन टोले सुटायचे. "आमच्या घंटेवर गाडी सुटायची," ते म्हणाले, "तुझ्या शाळेच्या घंटेवर पोरं बसतात."

दहाव्या दिवशी शाळेची चिठ्ठी आली. 'आपला पाल्य तास चालू असताना उभा राहून लिहितो. पालकांनी भेटावं.'

गेलो. आम्हा नवरा-बायकोला पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं. मुलाला बसवायचं कसं, या विषयावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. मॅडम बसल्या होत्या, समुपदेशक बसल्या होत्या, माझे गुडघे हनुवटीला लागले होते. शाळेच्या वेळात पालक आले म्हणून पोराला तेवढ्यापुरतं वर्गातून बाहेर पाठवलं होतं. खिडकीतून मैदान दिसत होतं. केवढं ते मैदान! आणि अगदी रिकामं, कारण सगळी शाळा बसलेली. झेंड्याच्या खांबापाशी अण्णा उभे होते, शेजारी पोरगं.

"मग? घरी तरी बसवाल ना त्याला?" मॅडमनी विचारलं.

मी मान डोलावणार, तेवढ्यात बाहेर लोखंडावर किल्ली वाजली. एक टोला. मॅडमनी खिडकीकडे पाहिलं.

दुसरा टोला पडला आणि पोरगं सुटलं.