चेतकचा म्हातारचळ

अहो, ऐकलंत का? आमच्या गल्लीला चळ लागलाय. पत्त्यांचा असता तर चारचौघांत झाकता आला असता. हा चेतकचा आहे!

भर एप्रिल, दुपारचे दोन, बीडचं ऊन. कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी आमचे रिटायर मास्तर बनियनवर अंगणात उकिडवे. पुढ्यात पोतं, पोत्यावर स्कूटरचे अवयव. पन्नास वर्षांच्या संसारात ज्या माणसानं स्वतःचं जेवलेलं ताट उचललं नाही, तो काकूंच्या पुरणाच्या परातीत डिझेल ओतून पिस्टनला न्हाऊ घालतोय! "काय करायलात हो?" विचारलं, तर म्हणे, "कार्बन काढायलोय, आवाज करू नका." जसं काही बाळंतिणीचं पोरच हातात.

एकटे असते तर वय झालं म्हणून सोडून दिलं असतं. पण शेजारी दाताचे डॉक्टर! तिकडे दवाखान्यात पेशंट गाल धरून बसलेत आणि हे इथं रूट कॅनालची सुई घेऊन कार्बोरेटरचा जेट कोरतायत. जेटात सुई घालू नये, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल ढोसायला लागते. हवा मारून साफ करावा. एवढं आता मलाही कळतं. हवेचा फवारा तर डॉक्टरांच्या खुर्चीलाच लावलेला आहे, पण सांगणार कोण?

सकाळी सातला प्लग बघायचा कार्यक्रम. प्लग काढायचा, उजेडात धरायचा, दोघांनी माना वाकड्या करायच्या. चॉकलेटी आला तर शुभ. काळा, ओला आला तर ऑइल जास्त पडलंय. पांढराफटक आला तर इंजिन तापतंय, म्हणजे साडेसाती. मुलींच्या पत्रिका एवढ्या निरखून पाहिल्या नव्हत्या हो कुणी! नातवाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका मात्र कामी आल्या: पॉइंटमधली फट मोजायला गेज नाही, तर पत्रिकेचा कागद घालतात. गणपतीचं चित्र असलेली बाजू वर ठेवतात, तेवढी लाज शिल्लक आहे.

आणि सायलेन्सर! टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये जळक्या ऑइलची काजळी साठते, मग गाडीचा दम कोंडतो. उपाय जुनाच, काढून जाळात भाजायचा. भाजला, गोवऱ्यांवर, भर गल्लीत. त्याच दिवशी अख्ख्या आळीच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या. यंदा कुणाकडे कुरडई तळली आणि स्कूटरच्या धुराचा वास आला, तर समजून घ्या.

एवढं काय आहे त्या स्कूटरमध्ये? चेतक १९७२ साली आली, आकुर्डीच्या कारखान्यातून. नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट बघायची. लोक दहा-दहा वर्षं थांबले. मास्तरांना ती १९७५ साली लग्नात मिळाली. मिळाली म्हणजे मागून घेतली. गाडी येईपर्यंत अक्षता थांबल्या होत्या असं काकू आजही म्हणतात, आणि मास्तरांना नेमकं तेव्हाच ऐकू येत नाही. पन्नाशी उलटलेल्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१च्या सरकारी नियमात 'विंटेज' म्हणतात. नव्या नोंदणीला वीस हजार भरायचे, आणि वर रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही! म्हणजे गाडी विंटेज, मास्तर नुसतेच म्हातारे.

एक मात्र कबूल करते, कुणाला सांगू नका. ही स्कूटर बीडसाठीच जन्मली. तिला पाणी लागत नाही. रेडिएटर नाही, काही नाही. इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटलाच पंख्याची पाती असतात. ती हवा ओढतात आणि पत्र्याच्या झाकणातून सिलिंडरच्या पाकळ्यांवर सोडतात. टँकरच्या रांगेत हंडे मांडून भांडणाऱ्या गावात पाणी न मागणारा पाहुणा दुसरा कोण आलाय? डॉक्टर लगेच जर्मनीच्या बीटलचं पुराण लावतात. ती मोटार, पण तीही बिनपाण्याची, पंखा आणि पत्र्यावर गार राहणारी. दोन कोटींहून जास्त बनल्या, शेवटची २००३ साली मेक्सिकोत. ती घरी कशी दुरुस्त करावी यावर जॉन म्युर नावाच्या इंजिनिअरनं १९६९ साली पुस्तक काढलं आणि नावातच लिहिलं की हे ठार मूर्खांसाठी आहे. पुस्तक बीडपर्यंत आलं नाही. वाचक तयार होते.

नवीन दुखणं पेट्रोलचं. आता त्यात २० टक्के इथेनॉल. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, वॉशर त्यानं फुगतात, नरम पडतात. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत घोळ. आणि हे इथेनॉल निघतं कशातून? उसातूनही. ऊस तोडतं कोण? आमच्याच जिल्ह्यातली माणसं, दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जाऊन. बीडच्या कोयत्यानं तोडलेला ऊस फिरून बीडच्याच चेतकच्या घशात अडकायला आलाय! मास्तर हे सांगताना भावुक होतात. उसाच्या बिलाबद्दल ते कधी झालेले पाहिले नाहीत.

तर गाडी सुरू झाली. सतराव्या किकला, एका अंगावर कलंडवून. पेढे वाटले. दोघं डबलसीट मांजरसुंब्याच्या घाटाला निघाले आणि निम्म्या चढावर पिस्टननं इंजिन धरलं. संध्याकाळी दोघं आणि चेतक, तिघंही छोट्या टेम्पोत मागं बसून परत. मग आठ दिवस परिषद. ऑइल कमी पडलं, टायमिंग हललं, जेट मोठा झाला (बघा!), डॉक्टर मास्तरांवर, मास्तर डॉक्टरांवर.

शेवटी मीच विचारलं, "मास्तर, त्या पंख्यावर झाकण असतं ना? ते कुठंय?"

शांतता. ते खडखडतं म्हणून मास्तरांनीच सोळा वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. त्या झाकणाशिवाय पंखा नुसता हवेशी खेळतो, सिलिंडरला वारा लागतच नाही. फुंकणी नसताना चुलीपुढं गाल फुगवण्यासारखं. शेड उपसली, भंगारवाल्याला गाठलं, सापडेना.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ते गोल, मध्ये भोक असलेलं? ते तर माठाखाली आहे. बरोब्बर बसतं."

मास्तर माठाकडे धावले. काकू मध्ये उभ्या. "हात लावायचा नाही. सोळा वर्षं त्याच्यावर माठ आहे, पाणी कसं गार लागतंय. माझ्या सवतीचं मृग लागल्यावर बघू."

तेव्हापासून मास्तर दर तासाला पाणी प्यायला उठतात, आणि वाकून माठाखाली बघतात.