पावणेसोळा इंच

टेपकाका कुणाच्याही घरी गेले की दारात चप्पल काढतात आणि आत आल्यावर टेप. यजमानीणबाई पाण्याचा ग्लास घेऊन येईपर्यंत सोफ्याच्या हाताची उंची घेऊन झालेली असते. “साडेतेवीस,” काका जाहीर करतात आणि समोरच्या टीपॉयकडे बघून हळहळतात, “हा सोळा. कप ठेवायला रोज एवढं वाकता? कंबर कशी आहे?” कंबर तोपर्यंत बरी असते.

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. नाव काही का असेना, पट्ट्याला पाच मीटरची टेप अडकवलेली असते. मोबाइल घरी विसरेल, टेप नाही. आमच्या डोंबिवलीकडे ही जमात जास्त फोफावलीय, कारण इकडे माणूस घर फुटांत विकत घेतो आणि इंचांत राहतो.

काकांचं लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. 160 चौरस फुटांची खोली. तिथे साइड टेबल वगैरे भानगड नव्हती. पाहुणा आला की खाटेखालची ट्रंक बाहेर यायची, ट्रंकेवर पाहुणा बसायचा आणि बशी पाहुण्याच्या हातात. आता वन बीएचके आहे, सोफा आहे, आणि सोफा व भिंत यांच्यामध्ये पावणेसोळा इंचांची एक मोकळी फट आहे. तिथे छोटंसं टेबल हवंय. म्हणजे फ्लॅटचा ताबा मिळाल्यापासून हवंच आहे. तोवर तिथे प्लास्टिकचं स्टूल उभं आहे, वर चष्मा, बीपीच्या गोळ्या, रिमोट आणि कालचा पेपर. काकूंची स्टुलाबद्दल काहीही तक्रार नाही. काकांच्या लेखी मात्र तो ‘तात्पुरता भाडेकरू’ आहे.

टेबलाच्या अटी ऐकायच्या असतील तर वेळ काढून जावं. उंची सोफ्याच्या हाताइतकी किंवा इंच-दोन इंच कमी; जास्त नको, नाहीतर हात टेकायला गेलं की कोपर कपाला लागतं. खोली सोफ्यापेक्षा कमी, म्हणजे बाल्कनीत जाताना करंगळी ठेचकाळणार नाही. जायला-यायला दोन फूट मोकळे राहिलेच पाहिजेत. पाय बारीक, खालची फरशी दिसली पाहिजे, त्याने खोली मोठी वाटते. (हे खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. काकांच्या घरात तेवढी एक गोष्ट मोठी वाटण्याची शक्यता होती, ती स्टुलाखाली रद्दीचा गठ्ठा ठेवून काकूंनी संपवली.)

गोल टेबल? कोपरे लागत नाहीत, पण भिंतीच्या काटकोनात चार बोटं जागा फुकट जाते. तीन पायांचं? फरशी कितीही वरखाली असो, ते डुगडुगत नाही. पण दोन पायांच्या मधल्या कडेवर नातवाने कोपर रेललं की चहासकट आडवं. एकात एक बसणारी तीन टेबलं? “ठेवायला एकाची जागा आणि काढली की आपण बाहेर.” इंग्रजी सीच्या आकाराचं, ज्याचा पाय सोफ्याखाली सरकतो, ते काकांना मनापासून पटलं होतं. पण सोफा पडला खाली गाद्या ठेवायचा, बॉक्सवाला. त्याच्याखाली पोस्टकार्डही सरकत नाही.

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात काका जाऊन आलेत, उल्हासनगरात तर दुकानदार त्यांना दुरून ओळखतात. “अंकल, लेना है या नापना है?” असं एकाने विचारलं, तेव्हा काकांनी त्याच्याच काउंटरची उंची घेऊन तो दोन इंच चुकलाय हे त्याला पटवून दिलं. दुकानदाराने चहा पाजला. टेबल घेतलं नाही.

या माणसाला टेबल नकोच आहे, असं माझं बरेच दिवस मत होतं. फट भरली तर मोजायचं काय? पण एका संध्याकाळी काकांनी मला भिंतीपाशी नेलं आणि तिच्यावर बोटाने ठकठक केलं. “2016चा रेरा कायदा वाचलास? कार्पेट एरियात आतल्या भिंतींची जाडी धरतात. म्हणजे ही साडेचार इंची भिंत मी विकत घेतलीय. भाव माहितीये ना इथला? आणि तिच्यावर मला पाण्याचं भांडंसुद्धा ठेवता येत नाही.” काकांचं दुखणं तेव्हा कळलं. भिंतीत गेलेले इंच त्यांना फटीतून वसूल करायचे होते.

शेवटी गणपतीच्या आधी सुतार आला. साडेपंधरा इंच रुंदी ठरली, भिंतीकडे एक सूत, सोफ्याकडे एक सूत मोकळं. काकांना सुताची भाषा बोलणारा माणूस भेटला आणि दोघं तासभर फरशीवर बसून राहिले. 19 एमएमचं प्लाय म्हणजे सहा सूत. दोन्ही बाजूंचं मिळून दीड इंच गेला. खणाच्या चॅनेलला दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच, तो एक गेला. खणाच्या स्वतःच्या बाजूंचा आणखी एक. साडेपंधराच्या टेबलात खण उरला बारा इंचांचा. “बिल्डरसुद्धा एवढं खात नाही,” काका म्हणाले. पण बीपीच्या गोळ्यांना बारा इंच पुष्कळ झाले.

टेबल देखणं झालं. वर सागवानी रंगाचा सनमायका, कडेला पट्टी, कोपरे घासून गोल केलेले. बघायला अर्धा मजला जमला. काकांनी दोन्ही हातांनी उचलून ते फटीत उतरवलं आणि खाली येता येता ते अडकलं. भिंतीचं माप कमरेच्या उंचीला घेतलं होतं. खाली फरशीलगत स्कर्टिंग असतं, ते भिंतीच्या अर्धा इंच पुढे येतं. सोफा सरकवावा तर पलीकडे देव्हारा. सगळे गप्प. सुताराने करवत काढली, भिंतीकडच्या दोन्ही पायांना खालून खाच मारली आणि टेबल खट्कन आत बसलं. असं बसलं की बाजूने बोटसुद्धा जाईना. काकांनी वर कप ठेवला. हात टेकला. कोपर कपाला लागलं नाही. काकूंनी स्टूल उचलून बाथरूममध्ये नेलं, तिकडे त्याला अगोदरपासूनच मागणी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी केर काढायला आल्या. टेबलासमोर थांबल्या. खाली काकूंची रद्दी पुन्हा आली होतीच. रद्दी बाहेर ओढून त्यांनी पायांमधून झाडू घातला, तो निम्म्यात अडला. टेबल ओढून बघितलं, ते हललं नाही.

“काका, ह्याच्या मागचा केर कसा काढू?”

काकूंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. “अहो, ऐकलंत का? मावशी काय विचारतायत?”

काकांनी ऐकलं होतं. ते खुर्चीतून उठले, मावशींच्या हातातला झाडू घेतला, फरशीवर पसरला आणि पट्ट्याची टेप सोडवली.

“मावशी,” त्यांनी विचारलं, “झाडू तुम्ही आडवा धरता की तिरका?”