सात बोल्या आणि एक जावई

शेजारच्या निवृत्त गुरुजींनी आजीचं पितळी गंगाळ ऑनलाइन लिलावाला काढलं. चिंचेनं घासून अंगणात फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'भंडाऱ्याचं अस्सल पितळ, शंभर वर्षं जुनं.' (शंभर हा आकडा नातवाचा.) मुदत सात दिवसांची. चौथ्या दिवसापर्यंत सात बोल्या झाल्या, सगळ्यांत वरची 4,100 ची, कुणा पुणेकराची. गल्लीत गंगाळापेक्षा गुरुजींचाच भाव वधारला.

पाचव्या दिवशी जावईबापू आले. चहा घेताना म्हणाले, "मामाजी, हे आमच्या घरी काय दिसन!" झालं. सौदा 2,500 ला तुटला, तोही धानाचे चुकारे आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर. ही आठवी बोली.

तुमसरच्या बाजारात व्यापारी समोर उभा राहतो, धानाच्या ढिगात हात घालतो, मग बोलतो. फोनमधला पुणेकर गुरुजींच्या लेखी माणूसच नव्हता. पण लिलाव मुदतीआधी बंद करायला गेलं की फोन कारण विचारतो: वस्तू हरवली, फुटली की माहिती चुकली? 'जावयानं मागितली' हा पर्याय नाही. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या गुरुजींनी मला हाक मारली, "यातलं कमी खोटं कोणतं हाय, पाहून सांगा बरं." 'हरवली'वर एकमत झालं.

मग मी उगाच शहाणपणा केला. जर्मनीत एकानं फोक्सवॅगन पसाट गाडी ईबेवर 1 युरोपासून लिलावाला ठेवली आणि बाहेर 4,200 युरोंचं गिऱ्हाईक मिळताच लिलाव मोडला. तोवर भाव 1 युरोवरच होता. त्या बोलीवाल्यानं 5,249 युरोंच्या भरपाईचा दावा लावला आणि 12 नोव्हेंबर 2014 रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं त्याचीच बाजू उचलून धरली.

गुरुजी क्षणभर गप्प झाले. "त्या मानसाले जावई नसन," म्हणाले.

धीर द्यावा म्हणून मी 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम 64 काढलं: हातोडा पडेपर्यंत लिलावाचा सौदा पुरा होत नाही. गुरुजी खुलले. हातोडा तर त्यांच्या घरात नव्हताच, मागेच जावयानं नेला होता.

दुसऱ्या दिवशी पुणेकराचा निरोप आला: 'वाईट वाटलं. पोलिसांत तक्रार दिली का?' तेव्हापासून गुरुजी फोन पालथा ठेवतात. चुकारे काही अजून आलेले नाहीत, त्यामुळं 'हरवली' हे कारण दिवसेंदिवस खरं होत चाललंय.