घाट उतरताना इंग्रजी कसे बोलावे

इंग्रजीला तोंड फोडण्यापूर्वी आपण घाटावर आहोत की घाटाखाली, हे साधकाने पाहून घ्यावे. बुलढाण्याच्या कचेरीत 'डॉक्टर', 'कॉलेज' म्हणावे. राजूर घाट उतरता उतरता जबडा सैल सोडावा आणि मलकापूरच्या फलाटावर 'डाक्टर', 'कालेज' असा स्वच्छ आकार लावावा. गाडी पुण्याची असेल तर भुसावळ यायच्या आत ओठ पुन्हा गोल करून घ्यावेत. मी तीस वर्षे हेच करतो आहे. लाज वाटते, पण ओठ ऐकत नाहीत.

'ळ'ची धास्ती सोडावी. 'डोया', 'शाया' ऐकून पुणेकर हसतात; इंग्रजीत मुळात ळ नाहीच. वऱ्हाडावर त्या भाषेचा एवढा एक उपकार आहे.

'वीस'ला 'ईस' म्हणणाऱ्याची 'विकेट'सुद्धा 'इकेट' होऊन पडते. पडली ना, मग झाले.

'र' पुरता वाजवावा. 'कार'मधला र लंडनचा साहेब गिळतो, अमेरिकन वाजवतो. बीबीसीने १९२६ साली उच्चार ठरवायला समिती नेमली. पुढे तिचे अध्यक्ष झाले बर्नार्ड शॉ, तेही डब्लिनचे. आपण कशाला गिळायचे?

'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. लग्नघरी हे त्या फोटोग्राफरला सांगू नये.

शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांना हवा द्यावी. ही विद्या भाच्याची. हिंजवडीच्या नोकरीत त्याला उच्चाराचे ट्रेनिंग मिळाले म्हणे. दिवाळीत पंगतीतच त्याने एसटीच्या तिकिटाचा कपटा आमच्या आबांच्या ओठांसमोर धरला.

"आबा, 'कम' म्हणा."

आबा म्हणाले. कपटा ढिम्म.

"हवा पाहिजे. इंग्रजांचा क आपल्या ख-सारखा असतो."

हे मात्र खरे आहे. आपला क आणि ख त्यांना सहसा वेगळे ऐकू येत नाहीत.

आबांनी घास गिळला, कपट्याकडे रोखून पाहिले आणि म्हणाले, "खामगाव."

कपटा वरणात.

"काहून रे बाप्पा, हे तं मी जल्मापासून म्हणून राह्यलो!"

हा प्रयोग वरण वाढायच्या आधी करावा.