बाजीरावाशी तह

आमच्या बाजीरावाचं वजन साडेपाच किलो. त्यात निम्मे केस आणि निम्मा आवाज. मेव्हण्याने तो ‘अस्सल पामेरियन’ म्हणून आमच्या गळ्यात मारला. आपल्याकडे पामेरियन म्हणून घरोघरी नांदणारी ही पांढरी जमात बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असते, असं पुढे कळलं. मेव्हण्याचं काहीच अस्सल नसतं, त्यामुळे घरात कुणाला धक्का बसला नाही.

डोंबिवलीत दुसरा मजला, गॅलरी थेट रस्त्यावर, अशा मोक्याच्या ठाण्यावर बाजीरावाची नेमणूक झाली. दूधवाला, पेपरवाला, घंटागाडी, कुरिअरवाला, समोरच्या इमारतीत वाळत घातलेली नऊवारी, सगळ्यांवर तो तुटून पडायचा. लवकरच सोसायटीचं पत्र आलं. त्यात त्याचा उल्लेख ‘सदर श्वान’ असा होता आणि माझा ‘संबंधित’ असा. माझ्यापेक्षा त्याची ओळख स्पष्ट होती.

मीटिंगला मी तयारीनिशी गेलो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट काढली होती. भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे आणि ती सोसायटीने सहन करावी, एवढा भाग पिवळ्या पेनने रंगवून मी खणखणीत आवाजात वाचला. सेक्रेटरींनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि मी न रंगवलेला भाग वाचला: सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून मालकाने कुत्र्याला शांत ठेवण्याचे सर्व प्रयत्न करावेत, विशेषतः रात्री.

मग मी गिनेस बुकाचा आसरा घेतला. ‘ऑस्ट्रेलियातल्या चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरने २०१२ साली ११३.१ डेसिबलने भुंकून विक्रम केलाय. त्याच्यापुढे आमचा बाजीराव म्हणजे...’

‘ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘आणि चार्लीला आम्ही पत्र पाठवलेलं नाही.’

त्याच रात्री ते मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन दारात हजर झाले. बेल वाजली, बाजीराव उसळला आणि मी ओरडलो, ‘गप! गप म्हणतो ना! चूप!’ बाजीराव भुंकला तेव्हा आकडा चढला, पण सगळ्यात वर गेला तो माझ्या ‘चूप’ला. सेक्रेटरींनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि एक शब्द न बोलता ते जिना उतरून गेले.

आता उपाय करणं भाग होतं. भुंकलं की गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टा, तोंड आवळून टाकणारी पट्टी आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी डबी, असं त्रिकूट मी ऑनलाइन निवडलं. पैसे भरण्याआधी बायकोने ते मला प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवायला लावलं.

‘झटका बसताना समोर शेजारचं पोर असलं, तर कुत्र्याला वाटतं, पोर दिसलं की दुखतं,’ डॉक्टर बाई म्हणाल्या. ‘आज भुंकतोय, उद्या चावेल. तोंड आवळलंत तर त्याला धापा टाकता येणार नाहीत, आणि कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकूनच. आपल्या उकाड्यात जिवावर बेतेल. आणि ही डबी? तुम्हाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला ४०,००० च्याही वर. म्हणजे तुम्ही आरामात पेपर वाचणार आणि तो कानठळ्या सोसणार.’

मग त्यांनी बाजीरावाचे कान, दात, पोट नीट तपासलं, कारण काही दुखत-खुपत असलं तरी कुत्रं जास्त भुंकतं. सगळं ठणठणीत होतं. ‘कुत्र्यात काही दोष नाही,’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. फीच्या पावतीबरोबर एक कामही दिलं: वही घाला. कधी भुंकला, कशावर भुंकला आणि त्यानंतर काय झालं.

वही बायकोने लिहिली. तिसरा रकाना वाचून मी गार झालो. ‘कुरिअरवाला आला. भुंकला. कुरिअरवाला गेला.’ ‘घंटागाडी आली. भुंकला. घंटागाडी गेली.’ आपल्या मते हे लोक आपापल्या कामाला जात होते. बाजीरावाच्या मते ते पळून जात होते. थोरल्या बाजीरावांप्रमाणे आमचाही एकही लढाई हरलेला नव्हता, मग त्याने तलवार म्यान का करावी? पुढची नोंद: ‘ह्याचा फोन आला. भुंकला. ह्याने बिस्किट दिलं.’ आणि त्याखाली: ‘बेल वाजली. भुंकला. हाही भुंकला.’ डॉक्टरांनी याचा अर्थ सांगितला. मी ओरडायचो तेव्हा बाजीरावाला वाटायचं, धनीही मोहिमेवर निघाले.

मग रीतसर कामाला लागलो. गॅलरीच्या ग्रिलला खालून कंबरेपर्यंत दुधी कागद लावला. शत्रू दिसेना, तशा अर्ध्या लढाया आपोआप रद्द झाल्या. सकाळी त्याला ‘व्यायाम’ म्हणून फरफटत नेणं बंद केलं. प्रत्येक खांब मनसोक्त हुंगू द्यायचा, कारण नाकाला काम मिळालं की डोकं दमतं आणि दमलेलं कुत्रं झोपतं. बेलचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. तो आधी अगदी हळू वाजवायचा आणि लगेच पनीरचा नखाएवढा तुकडा द्यायचा. तो निवांत राहिला तरच आवाज वाढवायचा. आई लाडाने मनुके भरवायला निघाली होती. डॉक्टरांनी वेळीच थांबवलं. मनुके, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट कुत्र्यांना विषासारखं असतं.

सर्वांत अवघड होतं ते फोनचं. बिस्किट बंद केलंत की आधी भुंकणं वाढेल, मग ओसरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मध्येच शरण गेलात, तर आणखी जोरात भुंकलं की मिळतं, हाच धडा तो शिकेल. नेमका साहेबांचा फोन आला. बाजीराव टिपेला पोहोचला.

‘कुठे आहात?’ साहेब ओरडले.

‘घरीच, सर.’

‘मला वाटलं, मोर्चात.’

मी बिस्किट दिलं नाही. साहेबांनी त्या वर्षी पगारवाढ दिली नाही. पण फोनवरचं भुंकणं मात्र हळूहळू थांबलं.

शेवटी ‘शांत’ हा हुकूम. भुंकता भुंकता तो श्वास घ्यायला थांबला, की हलक्या आवाजात ‘शांत’ म्हणायचं आणि पनीर द्यायचं. हे त्याने इतक्या झटपट आत्मसात केलं, की मी नातेवाइकांत फुशारकी मारून घेतली. मग बाजीराव रिकाम्या गॅलरीत जाऊन एकदाच ‘भौ’ करू लागला. लगेच गप्प व्हायचा आणि फ्रिजसमोर येऊन बसायचा.

डॉक्टर बाई खळखळून हसल्या. ‘न भुंकता बसलेला असतो तेव्हाही द्या. आणि भुंकून थांबला, तर देण्याआधीची वाट वाढवत न्या.’ तसं केलं आणि जमलं. आता बेल वाजली की दोन भुंकण्यांत काम आटोपतं आणि स्वारी सतरंजीवर जाऊन बसते. सेक्रेटरींनी खात्री करायला पुन्हा पुन्हा बेल वाजवून पाहिली. दर वेळी पनीर गेलं ते माझं.

१७१९ मध्ये थोरल्या बाजीरावांच्या वडिलांनी, बाळाजी विश्वनाथांनी, दिल्लीहून चौथाईच्या सनदा आणल्या. ज्या मुलखाने चौथाई भरली, त्यावर मराठे चढाई करत नसत. आमच्याकडे तोच करार चालू आहे. फरक इतकाच, की त्यांनी महसुलाचा चौथा हिस्सा घेतला. आमचा बाजीराव पनीरच्या पाकिटातला तीन-चतुर्थांश घेतो आणि उरलेल्यात आम्ही चौघे पालक-पनीर करतो.